सुभेदारांच्या दारावरचा डोळा

सुभेदारांच्या घरात चोर म्हणून शिरण्याचा मान मला एकूण अकरा वेळा मिळाला. भर दुपारी, पदर खोचून, चपला हातात घेऊन मी त्यांच्या दारातून चवड्यांवर आत सरकायचे. सुभेदार आत खुर्चीवर डोळे मिटून ताठ बसलेले. जराशाने गर्जना यायची, "फेल! घंटा न्हाई वाजली. वैनी, पुन्यांदा पोझिशन घ्या!" की मी मुकाट्याने फाटकापाशी जाऊन पुन्हा चोर व्हायचे. नातवंडांना हे सांगितलं की ती विचारतात, "आजी, तू जायचीसच कशाला?" खरं सांगू? मला मजा यायची. एवढ्या जबाबदारीच्या कामाला मला तोवर कोणी बोलावलंच नव्हतं.

ही नव्वदच्या दशकातली, तासगावची गोष्ट. यजमानांची बँकेतून साताऱ्याहून बदली झाली आणि आम्ही सुभेदारांच्या शेजारी राहायला आलो. मी चाळिशीची; जगात आपल्याला न कळणारं फारसं काही उरलेलं नाही, अशा समजुतीत. सुभेदार साठीच्या पुढचे. फौजेत सगळी हयात टेलिफोनच्या तारा ओढण्यात गेलेली. अंगणात वाळत घालायची दोरी बांधली तरी ती तीनदा ओढून बघायचे. भेटेल त्याला पहिला प्रश्न, "रिपोर्ट?" भाजीवाली इतकी सरावली होती की फाटकातूनच सांगायची, "वांगी ताजी हायती, सायेब. गवार जून हाय, घिऊ नगा."

"कालनीत दुपारच्या चोऱ्या वाढल्यात, बंदोबस्त पायजे," असं ते सगळ्यांना सांगत. पण आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. मला ठाऊक होतं, त्यांना धास्ती चोर आत येण्याची नव्हती. त्यांची बायको, तानाक्का, बाहेर जाण्याची होती.

अक्का विसरू लागल्या होत्या. आधी भाजीतलं मीठ, मग वार, मग मुलाचं नाव. आणि दुपारी दोन वाजले की त्या उठून चालू लागत. "शेंगा निवडायला जायाचंय. मुकादम बोंबलंल." लग्नाआधी, माहेरी असताना, त्या भुईमुगाच्या शेंगा निवडायला रोजानं जात. ते माहेर कधीच उठलं होतं, मुकादमही कधीच गेला होता. घरापासून शंभर पावलांवर मोठा रस्ता, आणि त्यावर द्राक्षाच्या दिवसांत क्रेट लादलेले ट्रॅक्टर आणि एसट्या कशा धावतात ते तासगावकरांना सांगायला नको. सुभेदारांची दुपारी डुलकी लागली की संपलं. दोनदा रस्त्याच्या कडेवरून मीच त्यांना हाताला धरून आणलं होतं.

उपाय सोपा होता. मुलानं पुण्याहून पत्रात तोच लिहिला, डॉक्टर तेच म्हणाले, आणि मी तर दर चार दिवसांनी म्हणायचे, "दाराला एक कुलूप लावा की!"

सुभेदार मान हलवायचे. "कुलूप कोठडीला असतंय. ही काय कैदी हाय?"

म्हणून ही सारी यंत्रांची परेड. पेन्शनीत बसेल असं यंत्र हवं होतं. ते शोधायला सुभेदार दर आठवड्याला एसटीनं सांगलीला जात.

पहिलं यंत्र पायपुसण्याखालचं. पाय पडला की बटण दाबलं जाऊन घंटा. माझ्या पायानं ते छान वाजलं. पण अक्का जुन्या वळणाच्या गृहिणी. सकाळी उठल्या आणि पायपुसणं तारांसकट उचलून अंगणात खणखणीत झटकलं. दुसरं, दाराच्या एका बाजूला दिवा आणि समोर त्याचा उजेड ओळखणारा डोळा. मधून कोणी गेलं की घंटा. ते पदर हलला की वाजायचं, पडदा हलला की वाजायचं आणि वीज गेली की मुकं. तिसऱ्याला भोंगा होता. तो असा केकाटला की अक्का पलंगामागे जाऊन कानांवर हात दाबून बसल्या. सुभेदारांनी चहासुद्धा न घेता ते यंत्र त्याच दिवशी परत नेलं.

"भोंगाच हवा हो," मी शहाणपण शिकवलं. "चोराला दहशत बसली पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोणाला दहशत बसवायची, वैनी?"

मी भोंग्याचा विषय सोडला. तेवढ्यापुरताच.

मग सांगलीच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं त्यांना नवीन सांगितलं. माणसाच्या अंगाच्या उबेवर चालणारा डोळा. ऊब हलली की घंटा. भोंगा काढून त्या जागी मंदिरातल्यासारखी किणकिण बसवून द्यायलाही तो तयार झाला. खाली बॅटरी, म्हणजे वीज गेली तरी भीती नाही.

"आणि चोर गारठलेला असला तर?" मी विचारलं.

सुभेदारांनी ते गंभीरपणे वहीत लिहून घेतलं.

ते यंत्र आणायला जायच्या दिवशी त्यांनी अक्कांना माझ्यावर सोपवलं. "तीन-चार तास. नजर ढळू द्यायची न्हाई."

"तुम्ही निवांत जा," मी म्हणाले. आणि सुभेदारांची एसटी सुटली असेल-नसेल, मी घरून कुलूप आणून त्यांच्या पुढच्या दाराला बाहेरून लावलं. दोन मिनिटांचं काम! त्यासाठी हा माणूस सहा महिने सांगलीच्या वाऱ्या करतो, म्हणून मी हसलेसुद्धा. मग ओट्यावर मासिकातलं शब्दकोडं घेऊन बसले.

दोनला आतून दार वाजलं. "कुणी हाय का? दार उघडा वं."

"अक्का, पडा जरा. ऊन आहे," मी म्हणाले.

दार वाजत राहिलं. मग थांबलं. झोपल्या, असं मी ठरवलं आणि उभा शब्द सात अक्षरी होता त्यात डोकं घातलं.

अर्ध्या तासानं मी कुलूप काढून आत गेले. घर रिकामं. मागचं दार सताड उघडं. न्हाणीघराच्या बुटक्या भिंतीवर अक्कांच्या लुगड्याचा फाटका काठ अडकलेला.

मी तशीच अनवाणी धावत सुटले. रस्त्यावर एसटी तिरकी उभी, भोवती माणसं. गर्दीच्या पायांमधून मला काहीतरी हिरवं दिसलं. अक्कांचं लुगडंही हिरवंच होतं. ती वीस पावलं मी कशी चालले, मला आजही सांगता येत नाही. जवळ गेले तर गवताचा भारा. सायकलवरून पडलेला भारा आणि त्यापायी ड्रायव्हरशी भांडणारा मालक.

"म्हातारी बघितली का कुणी? हिरवं लुगडं?"

"मघाशी एक आजी रस्ता वलांडून गेली की," ड्रायव्हर म्हणाला. "हातानं गाडी थांबिवली माझी. म्हनली, कामाला उशीर झालाय."

रस्त्यापलीकडे बेदाण्याचं शेड. आत वीस-पंचवीस बायका ओळींनी बसून बेदाणा निवडत होत्या. काडी वेगळी, काळा मणी वेगळा. चौथ्या ओळीत अक्का. त्यांचा हात सगळ्यांत चपळ. शेजारची बाई मला म्हणाली, "ह्या तुमच्या व्हय? आमाला वाटलं नव्या लावल्यात. लय झाक निवडत्यात." अक्कांनी मान वर न करता मला सांगितलं, "बस गं. मुकादम बघंल."

सुभेदार आले तेव्हा त्यांच्या बगलेत खोकं होतं. मी सगळं सांगून टाकलं, कुलपासकट. वाटलं, आता फौजी तोंडाचा पट्टा सुटणार. त्यांनी अक्कांचे हात उलटे करून बघितले. बोटांची पेरं सोलवटलेली, दोन बांगड्या फुटलेल्या.

"दार वाजवलं व्हतं तिनं?"

"हो."

"किती येळ?"

"घड्याळ बघितलं नाही मी." त्यांनी ते पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी न बोलावता चोर व्हायला हजर. डोळा दाराबाहेर लावला तर वाजेना. मे महिन्यात तासगावची भिंत आणि माणूस एकाच तापाचे, यंत्राला फरक कळणार कसा? शेवटी पुढच्या-मागच्या दोन्ही दारांच्या आत, सावलीत, एकेक डोळा बसला. अकराव्या वेळी घंटा किणकिणली. "पास!" सुभेदार ओरडले, आणि अक्कांनी मला चोर समजून पाणी दिलं.

पुढच्या दाराच्या तारेला त्यांनी मुलानं दिलेला कॅमेरा जोडून घेतला. कोणी उंबरा ओलांडला की फोटो. "रीळ धुवून येईपर्यंत चोर गोव्याला पोचेल," मी म्हणाले. एवढं होऊनही माझी जीभ काही सुधारली नव्हती.

"पोचू द्या," सुभेदार म्हणाले.

त्यानंतर आरडाओरडा नाही, शोधाशोध नाही. घंटा वाजते, सुभेदार जागे होतात, अक्कांना दारातच अडवतात, असं मी धरून चालले. पावसाळ्याच्या तोंडी मला सांगलीला जायचं होतं. त्यांनी रीळ माझ्याकडे दिलं. फोटो घेतले आणि परतीच्या एसटीत पाकीट उघडलं. दुसऱ्याचं पाकीट उघडू नये, हे मला तेव्हाही माहीत होतं.

पहिल्या फोटोत उंबऱ्यावर अक्का, डोक्यावर पदर. दुसऱ्यात त्याच उंबऱ्यावर सुभेदार, हातात छत्री. तिसऱ्यात अक्का. चौथ्यात सुभेदार, एक बूट पायात, एक हातात. पुढं पुढं दोघं एकाच फोटोत. अक्का चौकटीला धरून मागे वळून बघताहेत आणि सुभेदार घाईघाईनं केसांवरून कंगवा फिरवताहेत. छत्तीसांपैकी एकातही त्यांनी बायकोला अडवलेलं नव्हतं.

पाकीट देताना माझ्यानं राहवलं नाही. "तुम्ही रोज शेडवर जाता त्यांच्याबरोबर?"

"रस्ता वलांडायचा असतोय न्हवं," ते म्हणाले. "तासभर बसती, निवडती. मी भाईर थांबतो. मग येतो संगट."

"त्या ओळखतात तुम्हाला?"

सुभेदारांनी फोटो मांडीवर सारखे केले.

"न्हाई. वाटंनं इचारती, तुमी कोण गावचं? रोज सांगतो. मग ती तिचं सांगती. वैनी, आमचं लगीन थोरल्यांनी ठरवलं. त्याआदी आमी एक शबूद बोललो न्हवतो. मग मी पल्टनीत, ती हितं. आता रोज बोलतो."

"काय बोलता?"

त्यांच्या मिशा हलल्या. हसले की आणखी काही, मला नीट कळलं नाही.

"काल म्हनली, तुमी लय चांगलं हाय, पर उद्यापासनं संगट येऊ नगा. माजं लगीन ठरलंय. पोरगा फौजेत हाय."