खुर्ची डावीकडे वळते

“सव्वीस मैल ना? अरे, बोलता बोलता संपतील!”

एम्लिनने गावच्या रग्बी क्लबात टेबलावर मूठ आपटून हे जाहीर केलं, तेव्हा त्याच्या हातात बिअरचा तिसरा ग्लास होता आणि अंगावर साठीला टेकलेल्या माणसाला न शोभणारं वजन होतं. पण कुमहेलिगसारख्या लहान गावात बोललेला शब्द मागे घेता येत नाही. माणूस घरी पोचायच्या आत तो शब्द त्याच्या बायकोच्या कानावर गेलेला असतो.

कारण मात्र खरं होतं. गेल्या हिवाळ्यात क्लबाचा खेळाडू तेइलो मैदानावर पाठीवर पडला, तो पुन्हा उभा राहिला नाही. विशीतला पोरगा! इस्पितळाने आता घरी न्या म्हटलं होतं, पण घरात झोपायची खोली माडीवर, आणि जिना शिडीसारखा उभा. खाली एक खोली बांधल्याशिवाय तो घरी येऊ शकत नव्हता. जायबंदी खेळाडूंच्या निधीत तेवढे पैसे नव्हते. म्हणून मॅरेथॉन; धावणाऱ्याच्या नावाने लोक निधीला पैसे देतात.

“धाव की,” गेथिन आपल्या चाकांच्या खुर्चीतून शांतपणे म्हणाला. “पण एकटा कशाला? पुढची रांग कधी एकटी गेलीय का?”

एम्लिन, गेथिन आणि इद्रिस ही कुमहेलिगच्या संघाची एके काळची पुढची रांग. रग्बीत स्क्रमच्या वेळी दोन्ही बाजूंचे आठ-आठ गडी एकमेकांच्या खांद्याला खांदा गुंतवून रेड्यांसारखे रेटारेटी करतात. त्यात सगळ्यांत पुढे हे तिघे. इद्रिस डावा, एम्लिन उजवा आणि त्यांच्या खांद्यांवर हात टाकून मधे गेथिन; चेंडूला हात न लावता तो फक्त पायाने मागे ओढायचं काम त्याचं. अशाच एका रेटारेटीत गेथिनची कंबर गेली होती. त्यानंतर निधीनेच त्याला खुर्ची दिली, आणि त्याच्या घराला व चॅपलला, म्हणजे गावच्या प्रार्थनामंदिराला, पायऱ्यांऐवजी उतार करून दिला.

“आम्ही दोघं ढकलतो, तू बस!” इद्रिस उठून उभाच राहिला.

कोपऱ्यात हुवेल खाटीक बसला होता. हा चॅपलचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांपैकी एक, पण वजनात सॉसेज जरा जास्त भरलं तर टोक कापून परत ठेवणारा. तो हसत हसत म्हणाला, “तिघं मिळून दुपारी तीनच्या आत या फाटकातून आत आलात, तर खोलीला जे कमी पडेल ते सगळं मी भरतो. एक मिनिट उशीर झाला तर काही नाही.”

त्याने तिघांच्या पोटांकडे बघूनच हा शब्द दिला होता.

घरी ओल्वेन वाटच बघत होती. ही एम्लिनची बायको. रोज पहाटे एक स्तोत्र वाचल्याशिवाय चहाची किटली चुलीवर न ठेवणारी.

“मॅरेथॉनच्याच रविवारी दोन वाजता चॅपलात सुगीच्या आभाराची उपासना आहे,” ती हळूच म्हणाली. “लग्नापासून एकदाही चुकली नाही आपली.”

“देव समजून घेईल गं!”

“देव घेईल. पाळक एलायससाहेब घेतील का?” ती जरा थांबली. “असू दे. मी प्रार्थना करीन तुझ्यासाठी.”

सराव काही फारसा झाला नाही. गावातून पळत जायचं म्हणजे प्रत्येक दारात कुणीतरी मावशी गरम केकची ताटली घेऊन उभी. नाही कसं म्हणणार? महिनाभर पळून एम्लिनचं वजन वाढलं!

शर्यतीच्या दिवशी सकाळी आठला तिघे निघाले. इद्रिस डाव्या मुठीला, एम्लिन उजव्या, आणि उरलेले हात जुन्या सवयीने एकमेकांच्या पाठीला घट्ट. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खुर्ची डौलात चालली, आणि हळूहळू डावीकडे वळत थेट कुंपणात गेली.

“इद्रिस, ढकल की रे!”

“ढकलतोच आहे! तूच उधळल्यासारखा रेटतोस!”

“आयुष्यभर असंच रेटत आलोय!”

“आयुष्यभर आपला स्क्रम असाच फिरत आलाय!”

पुढे खुर्ची पाण्याच्या टेबलाला जाऊन भिडली. मग मेंढ्यांत शिरली. मग कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरींत. गेथिन पोटावर हातांची घडी घालून बसला होता. “डावीकडचा देखावा छान आहे हं,” एवढंच तो अधूनमधून म्हणे.

पाणी देणाऱ्या मुलीला शेवटी राहवलं नाही. “काका, तुम्ही दोघं जागा का बदलत नाही?”

दोघांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने पाळकसाहेबांना खाली डोकं वर पाय करून संदेश द्यायला सांगितलंय! उजव्याने डावीकडे? मेलो तरी बेहत्तर!

अशी वळणं घेत घेत सव्वादोनला तिघे गावाच्या वरच्या टोकाला पोचले. आता सरळ उतार, आणि खाली क्लबाचं फाटक. वेळ भरपूर होता.

“जमलं!” एम्लिन ओरडला आणि आनंदाच्या भरात त्याने सगळा जोर लावला.

खुर्ची सुसाट सुटली आणि अर्थातच डावीकडे. डावीकडे चॅपल होतं. ऊन छान पडलं होतं म्हणून दार सताड उघडं होतं. गेथिनसाठी केलेला उतार चढून, दोन्ही बाजूंच्या बाकांमधून, तिघे थेट वेदीपुढे मांडलेल्या सलगमांच्या, सफरचंदांच्या आणि केवढ्या तरी मोठ्या पावाच्या राशीत जाऊन थांबले.

“…आणि परमेश्वर सगळं वेळेवर पाठवतो,” एलायससाहेब म्हणत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “आलात? बसा.”

“पाळकसाहेब, आम्हाला जरा…”

“बसा, एम्लिन.”

आता कुमहेलिगात संदेश अर्ध्यावर टाकून कुणी उठत नाही. एकाला म्हणे छातीत कळ आली होती, त्यानेही आमेन होईपर्यंत दम धरला. तिघे बसले. गेथिन मांडीवर सलगम घेऊन बसला. वडीलजनांच्या बाकावरून हुवेल खाटकाने घड्याळाकडे पाहिलं आणि डोळे मिटून समाधानाने मान डोलावली. तिसऱ्या बाकावर ओल्वेनचं डोकं खाली होतं आणि खांदे हलत होते. ती प्रार्थना करतेय की हसतेय, हे एम्लिनला कळेना.

पावणेतीनला संदेश संपला. राहिलं शेवटचं गीत. पण इथल्या गाण्याची एक रीत आहे. सूर चांगला लागला की शेवटच्या ओळी पुन्हा म्हणतात. कुणीतरी उचलतो आणि सगळे त्याच्यामागे जातात. त्या दिवशी सूर फारच चांगला लागला होता! एकदा झालं. दुसऱ्यांदा झालं. तिसऱ्यांदा होऊन ऑर्गन थांबला. सगळीकडे शांत झालं. एम्लिनने उठायला गुडघ्यांवर हात ठेवले.

आणि तेवढ्यात कुणीतरी भरदार खर्जात तीच ओळ पुन्हा उचलली! चारी बाजूंनी आवाज मिळाले, खिडक्या थरथरल्या. हा गाढव कोण म्हणून एम्लिनने रागाने मान वळवली. इद्रिस त्याच्याकडेच डोळे वटारून बघत होता. मग एम्लिनला कळलं, की तोंड त्याचंच उघडं आहे. पण ओळ अर्धी कशी सोडायची? म्हटली पुरी.

“आमेन!”

“तेइलोची खोली!” एम्लिन उठून ओरडला. “तीनच्या आत फाटकात पोचलो नाही तर गेली ती!”

“मग हे आधी नाही का सांगायचं?” एलायससाहेब झगा सावरत खाली आले.

“तुम्ही बसा म्हणालात!”

“बरं, बरं. सगळे या इकडे! हुवेल, तू इद्रिसच्या बाजूला. जोर लाव.”

“पण पाळकसाहेब, पैसे तर माझेच जाणार…”

“म्हणूनच लाव.”

सगळ्या मंडळीदेखत नाही कसं म्हणणार बिचारा! जन्मभर अख्खे बैल उचललेले हात ते. हुवेलने डावीकडून रेटा दिला, आणि दिवसात पहिल्यांदाच खुर्ची नाकासमोर सरळ निघाली. मागे एलायससाहेब, त्यांच्यामागे टोप्या सांभाळणाऱ्या बाया आणि शेवटी घरंगळणारी सफरचंदं! फाटकातला माणूस फीत गुंडाळत होता, तीच ओढून घेऊन सगळे आत घुसले, तेव्हा कुठे चॅपलच्या घड्याळात तीनचा पहिला ठोका पडला.

हुवेलने शब्द पाळला. चेहरा मात्र त्याचा कापायला आणलेल्या मेंढरासारखा झाला होता. तेइलो नाताळ घरी करणार, हे नक्की झालं.

एम्लिन गवतावर आडवा पडला होता. ओल्वेनने त्याच्या हातात चहा दिला. “उपासना चुकली नाही हं तुझी,” ती म्हणाली. “आणि गाणं तर फारच छान झालं.”

त्याने विषय बदलला. “गेथिन, हात तर तुझे धड आहेत. गावभर स्वतः खुर्ची चालवतोस. मग जरा चाकाला हात लावून सरळ का नाही केलीस, लेका?”

गेथिनला धक्काच बसला. “हात? स्क्रममध्ये मधल्याने हात लावायचा? पेनल्टी गेली असती ना!”

“खरंय त्याचं,” इद्रिस गंभीरपणे म्हणाला.

एम्लिनने बराच वेळ विचार केला. नियम तो नियम. शेवटी त्यालाही पटलं. पुढच्या वर्षी मात्र काहीतरी बदल करायलाच हवा होता. जागा बदलायचा तर प्रश्नच नव्हता. तेव्हा रस्त्याच्या अगदी उजव्या कडेने सुरुवात करायची, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं.