नानांच्या साइडकारचा नट

आमचे शेजारी नाना टिपणीस दर रविवारी सकाळी अंघोळ आणि देवपूजा आटोपली की अंगणात येऊन एका नटाला खोबरेल लावत. आधी नटाला, मग डोक्याला. डोक्यावर तेल लावण्यासारखं फारसं उरलं नव्हतं ही गोष्ट वेगळी, पण क्रम ठरलेला होता.

हा नट त्यांच्या मोटरसायकलचा. नेमकं सांगायचं तर मोटरसायकलला साइडकार ज्या जाडजूड बोल्टने जोडली होती, त्या बोल्टचा. लढाई संपल्यावर कल्याण कॅम्पातलं लष्करी सामान लिलावात निघालं, तेव्हा नानांनी ती मोटरसायकल घेतली. पुढे त्याच कॅम्पाच्या बराकींत सिंधी मंडळी येऊन राहिली आणि बघता बघता तिथे बाजार उभा राहिला. पण अंबरनाथच्या आमच्या आळीत मोटरसायकल एकच राहिली. साइडकार मात्र लष्कराची नव्हे. ती नानांनी भंगारातल्या पत्र्यातून घरीच ठोकून काढली होती. कुणी तिला होडी म्हणे, कुणी घंगाळ. नानांच्या बायकोला आम्ही माई म्हणत असू. त्या तिला सरळ ‘डबा’ म्हणायच्या. रविवारी डोक्याला पदर घट्ट गुंडाळून आणि मांडीवर पाण्याचा तांब्या धरून त्या डब्यात बसत, आणि दोघं बदलापूरला नदीवर जात. घरी परत येईपर्यंत तांब्यात थेंबभर पाणी शिल्लक नसे, पण तांब्या न्यायचं त्यांनी कधी सोडलं नाही.

नाना आमच्या कारखान्यात फोरमन होते आणि जगातली सगळी माणसं त्यांनी नटबोल्टांत बसवून टाकली होती. “आमचा साहेब बारीक आट्याचा,” ते म्हणत, “घाई केलीत की आटे गेलेच.” मला एकदा म्हणाले, “बापट, तुम्ही वायसर आहात. असलात तर कुणाला कळत नाही, नसलात तर खडखड होते.” मी हे कौतुक म्हणून घरी सांगितलं. बायको म्हणाली, पहिला अर्धा भाग बरोबर आहे.

माई तापाचं निमित्त होऊन गेल्या आणि मोटरसायकल अंगणात उभी राहिली ती राहिलीच. नानांचा पुतण्या वसंता बदलापूरजवळच्या सोनिवली गावाहून आमच्याच कारखान्यात कामाला यायचा, तोही सायकल हाणत. त्याची दमछाक बघून नाना एकदा बोलून गेले, “गाडी तू घे.” पण सोनिवलीत घरापर्यंत जायला भातखाचरांमधून एक अरुंद बांध होता. तिथून मोटरसायकल गेली असती, तिच्या कुशीतला डबा जाणं शक्य नव्हतं. मग नानांनी अट घातली. “नट सुटला की डबा इथे ठेव आणि गाडी घेऊन जा.”

आणि नट काही सुटेना.

तेव्हापासून रविवार म्हणजे नटाचा वार झाला. वसंता पाना घेऊन यायचा. आळीतले चारदोन जण बाह्या सरसावून हजर. त्या सिंधी बाजारात, कॅम्प नंबर तीनमध्ये, टेकचंदशेठ म्हणून एक जुन्या लोखंडी सामानाचे व्यापारी होते, तेही लांबलचक पाइप घेऊन येत आणि तो पान्याच्या दांडीत घालून दोघादोघांना लटकायला लावत. “नाना, मेरी बात मानो,” ते म्हणत, “छिन्नी लगाव, दो मिनिटात काम होऊन जाईल.” नाना मान हलवत. “कापायचा नाही, तापवायचा नाही. समजूत घालायची. दमानं घ्या.” नटावर तेल सोडून ते बाजूला स्टुलावर बसत, हातोडीने टकटक कुठे करायची ते सांगत, आणि मंडळी घामाघूम झाली की आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकत. एका रविवारी पाइपला शेठ स्वतः लोंबकळले आणि नट पाव आटा चक्क फिरला. आनंदीआनंद झाला, कुणीतरी घरून कांद्याची भजी आणली. भजी खाऊन पुन्हा बघतो तर नट पहिल्यापेक्षा जास्त घट्ट. वसंताने कपाळाला हात लावला. नानांचा चेहरा मात्र मुंज लागलेल्या घरासारखा प्रसन्न. “आज नाही तर पुढच्या रविवारी,” ते म्हणाले आणि उरलेली भजी संपवली.

असं किती दिवस चालणार? वसंताचं लग्न झालं आणि त्याचा धीर सुटला. नव्या बायकोला सायकलच्या दांडीवर बसवून आणायची त्याला लाज वाटू लागली. “काका, येत्या रविवारी मी करवत आणतो,” त्याने सांगून टाकलं. टेकचंदशेठनी लगेच आपल्या दुकानातली करवत देऊ केली. नाना उठून आत चहा टाकायला गेले. त्या दिवशी चहात साखर घालायला विसरले एवढंच.

मला राहवलं नाही. ज्या नटाला माणसाने इतकं जपलं त्यावर करवत चालायची हे काही बरं दिसत नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी कामावरून आलो आणि त्यांच्या अंगणात जाऊन पाना उचलला. माझ्या अंगात ताकद बेताची, आणि यंत्राच्या बाबतीत डावं-उजवं मला आजतागायत कळलेलं नाही. घरचा नळ बंद करायला जातो आणि धार वाढवून बसतो. त्यात बाजू दाखवायला आमचं रविवारचं कोंडाळं नसल्यामुळे मी नेमका पलीकडच्या बाजूने बसलो. पाना लावला, शेठ विसरून गेलेला पाइप दांडीत घालून डोळे मिटून लोंबकळलो, आणि एकदा कुरकुरून नट लोण्यात सुरी फिरावी तसा फिरला.

मी वर पाहिलं. नाना दारात उभे होते.

“उलटा फिरवलात, बापट,” ते म्हणाले.

“अहो पण सुटला की.”

“आटेच उलटे आहेत त्याचे. मीच पाडलेत, लेथवर.” ते येऊन स्टुलावर बसले. “ही डब्यात बसायलाच तयार नव्हती. म्हणायची, वाटेत हा सुटला तर तुम्ही जाल पुढे आणि मी एकटीच कुठेतरी जाऊन पडेन. मी म्हटलं, तुझ्यासाठी असे आटे पाडतो की कुणी सोडवायला गेला तर आणखी घट्ट बसेल. मग बसली.”

त्यांनी डब्याच्या कडेवरून हात फिरवला.

“डबा नाही सुटला. हीच गेली पुढे,” नाना म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. दर रविवारी आम्ही घाम गाळत होतो तो माईंचा डबा पक्का करण्यासाठी, आणि हा माणूस समोर बसून आम्हाला चहा पाजत होता. रागवावं असं मनातही आलं नाही. मी पाना पुन्हा नटावर चढवला.

“घट्ट करायला कुठे फिरवू?”

“तुम्हाला योग्य वाटेल त्याच्या विरुद्ध,” नाना म्हणाले.

रविवारी वसंता करवत घेऊन आला आणि बरोबर बायकोला, सुधाला, पाया पडायला घेऊन आला. सगळी आळी जमली होती, शेठही आले होते. वसंता करवतीला तेल लावत असताना ती पोरगी डब्याभोवती फिरली, आत डोकावली आणि नानांची परवानगी विचारून चक्क आत जाऊन बसली. बसल्यावर तिने कडा दोन्ही हातांनी घट्ट धरल्या.

“काका, हा चालता चालता सुटत तर नाही ना?”

नानांनी एकदा नटाकडे पाहिलं. मग त्यांनी हात सगळ्यांकडे फिरवला. “या लोकांना विचार, सूनबाई.”

“ना बेटी,” टेकचंदशेठ कळवळून म्हणाले, “हमने लटक के देखा है. ये नाही सुटणार.” बाकीच्यांनीही अगदी मनापासून माना डोलावल्या. मीही डोलावली.

“वसंता, करवत शेठना परत दे,” नाना म्हणाले. “गाडी आहे तशीच घेऊन जा.”

“आणि काका, बांधावरून?”

“सोनिवलीत रस्त्यालगतच माझी आत्या राहते, गाडी तिच्या अंगणात ठेवू,” सुधा डब्यातूनच म्हणाली. “तिथून घरापर्यंत जाऊ चालत.” तिने डोक्यावरचा पदर कानांभोवती गुंडाळून घेतला होता, कुणीही न सांगता. नाना घाईघाईने आत गेले आणि पाण्याने भरलेला तांब्या आणून त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला.

त्याच्या पुढच्या रविवारी नाना अंघोळ करून, तेलाची वाटी घेऊन नेहमीप्रमाणे अंगणात आले. मोटरसायकल उभी असायची तिथे जमिनीवर फक्त एक काळा डाग होता. त्या डागाजवळ ते वाटी धरून बराच वेळ उभे राहिले. मी कुंपणापाशी गेलो.

“आट्यांचं मी त्या दोघांना सांगितलं नाही,” ते हळूच म्हणाले. “तुम्हीही सांगू नका.”

मग त्यांनी वाटीतलं तेल डोक्याला लावलं आणि आम्ही दोघांनीच चहा घेतला.