लेबलं सुटलेल्या पाच बाटल्या

रविवारच्या पुरवणीत ‘स्वस्त आणि मस्त’ हे वाइनचं सदर लिहिणारे गृहस्थ आठवडाभर विम्याच्या कचेरीत कारकून होते. कचेरीत त्यांना सगळे घोटराव म्हणत, आणि त्यांना ते मनातून आवडे. या खेपेचा विषय होता थंड मुलखातल्या, खिशाला परवडणाऱ्या पांढऱ्या वाइन. दुकानदारीणबाईंनी चाखायला पाच बाटल्या पाठवल्या होत्या. लेख शनिवारी सहाच्या आत द्यायचा होता. गेले दोन लेख वाचून वाचकांना तहान लागण्याऐवजी झोप लागली, तिसराही तसाच निघाला तर सदर बंद, असं संपादकांनी शांतपणे कळवलं होतं.

त्या शनिवारी फ्रिज नेमका बिघडलेला. घोटरावांनी न्हाणीघरातला टब गार पाण्याने भरला, बाटल्या त्यात बुडवल्या आणि पाच मिनिटं पडावं म्हणून आरामखुर्चीत टेकले. जाग आली तेव्हा तीन वाजून गेले होते. टबात दहा कागद तरंगत होते, पाच पुढचे, पाच पाठीमागचे. तळ्यातल्या पानांसारखे संथ, गोल फिरत. तळाशी पाच हिरव्या बाटल्या जुळ्या बहिणींसारख्या उघड्या पडल्या होत्या. दृश्य इतकं सुंदर होतं, की ते पाहत ते जरा वेळ उभेच राहिले. मग घाम फुटला.

बायको ग्रंथपाल. अर्ध्या दिवसाचं काम आटोपून ती नुकतीच घरी आली होती. तिने कागद एकेक करून टिपले, त्यांवरून कोमट इस्त्री फिरवली आणि पुस्तकांना चिठ्ठ्या लावायचा डिंक काढला. दुकानात फोन करून विचारावं, बाईंना काहीतरी खूण माहीत असेल, असं तिचं म्हणणं पडलं. घोटरावांना ते मेल्याहून मेल्यासारखं वाटलं. आठ वर्षं ज्याची जीभ पुरवणीत छापून येते, त्याने विचारायचं, यातली कुठली कुठली?

“मग जिभेलाच विचारा,” बायको म्हणाली. “तुम्ही सांगा, मी चिकटवते.”

पहिली सोपी गेली. हिरवं सफरचंद आणि ओली दगडी पाटी. म्हणजे नदीकाठच्या काळ्या दगडांतली. दुसरीत किंचित खारेपणा होता, ती समुद्राकडची ठरली. चाखलेला घोट वाडग्यात थुंकायचा हा त्यांचा नियम, पण तिसरीच्या वेळी वाडगं विसरलं गेलं. खात्री करायला त्यांनी पुन्हा एक घोट घेतला, मग पुन्हा खात्री केली. चौथीपर्यंत खोलीतलं ऊन मऊ झालं होतं.

चौथीत त्यांना धुकं दिसलं. एक उतरता मळा, उशिरा येणारं आणि लवकर जाणारं ऊन, कुठेतरी लांब कोणीतरी कोणाला तरी हाक मारतंय. ते हळू आवाजात बोलत राहिले. बायको हातातला डिंकाचा ब्रश विसरून ऐकत राहिली आणि शेवटी तिने त्या बाटलीवर सगळ्यांत स्वस्त वाइनचं लेबल चिकटवलं, ‘धुक्याचा मळा’. पाचवीला उरलेलं लेबल मिळालं.

लेख एका बैठकीत झाला. थंडीत द्राक्षाला पिकायची घाई नसते, त्यामुळे आंबटपणा टिकतो आणि गंध सावकाश उमलतो, असं त्यांनी लिहिलं. आणि पहिला नंबर दिला ‘धुक्याचा मळा’ला.

रविवारी दुपारीच संपादकांचा फोन आला. त्यांनी स्वतः दोन बाटल्या आणवल्या होत्या. बुधवारपर्यंत दुकानातला साठा संपला आणि नवा मागवावा लागला. त्या आनंदात घोटरावांनी त्याच वाइनची एक बाटली विकत आणली, ग्लास भरला, घोट घेतला. लिंबू पिळलेलं पाणी. ना उतार, ना धुकं, ना कोणाची हाक.

लेबलांची अदलाबदल झाली, हे उघड होतं. त्यांनी उरलेल्या चारही आणून चाखल्या. चारही बऱ्या होत्या. धुकं मात्र एकीतही नव्हतं.

ती रात्र त्यांनी कूस बदलत काढली आणि सकाळी कबुली द्यायला दुकान गाठलं. तिथे एक निवृत्त मुख्याध्यापिका ‘धुक्याचा मळा’ची तिसरी बाटली घेत होत्या. पहिल्या घोटालाच लहानपणची ओढ्याकाठची सकाळ आठवली, असं त्या दुकानदारीणबाईंना सांगत होत्या. बाई मान डोलावत होत्या. घोटरावांनी दोघींसमोर सगळं सांगून टाकलं, टबापासून चारही बाटल्यांपर्यंत. धुकं वगैरे काही नाही, मला जरा चढली होती, म्हणाले.

मुख्याध्यापिकांनी त्यांच्याकडे नापास मुलाकडे पाहावं तसं मायेने पाहिलं.

“तुम्ही लिहिता छान हो,” त्या म्हणाल्या. “पण चव कळायला जरा सवय लागते. घाई करू नका, येईल हळूहळू.”

दुकानदारीणबाईंनी एक बाटली कागदात गुंडाळून त्यांच्या हातात ठेवली. सरावासाठी, म्हणाल्या.

संध्याकाळी घोटराव ग्लास घेऊन बसले. बायको शेजारी वाचत होती. त्यांनी एक घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडात धरून ठेवला. काही नाही. दुसरा घेतला. आणि मानेवर अगदी हलका, ओलसर गारवा उतरला.

“आलं,” ते कुजबुजले. “थंडी जाणवतेय मला.”

“खिडकी उघडी राहिलीय,” बायको म्हणाली. “लावू का?”

घोटरावांनी खिडकीकडे पाहिलं.

“राहू दे,” ते म्हणाले, आणि तिच्यासाठी दुसरा ग्लास आणायला उठले.