परबकाका मागची बाजू वाचतात

आमच्या परबकाकांना बिस्किटाचा पुडा दिलात तर ते आधी तो उलटा करतात. खिशातून भिंग काढतात, पुडा उजेडाकडे धरतात आणि मागचा सगळा बारीक मजकूर, कारखान्याच्या पत्त्यासकट, वाचून काढतात. तोवर तुम्ही बशी हातात धरून उभे. वाचून झालं की बहुतेक वेळा पुडा परत देतात आणि म्हणतात, "तुम्ही खा. तुम्ही वाचलेलं नाही, तुम्हाला काही होणार नाही."

माझ्या मुलीच्या साखरपुड्याला ते थेट भटारखान्यात शिरले आणि आचाऱ्याच्या मसाल्याची पाकिटं ओळीने मांडून भिंग लावून बसले. व्याह्यांना वाटलं, आम्ही अन्न तपासणाऱ्या खात्यातला कोणी मोठा माणूस बोलावला आहे. दिवसभर ते काकांना 'साहेब' म्हणत होते. मीही तो गैरसमज दूर केला नाही, कारण व्याह्यांचा आवाज त्या दिवशी बराच खाली आला होता.

काळाचौकीच्या आमच्या चार मजली इमारतीत काका तिसऱ्या मजल्यावर, माझ्या शेजारी राहतात. मूळचे कुडाळकडचे. एका औषध कंपनीत चौतीस वर्षं त्यांनी लेबलं तपासली. बाटलीच्या आतलं औषध बरोबर आहे का, हे बघायला दुसरे लोक होते. बाटलीवर लिहिलेलं बरोबर आहे का, हे काका बघायचे. रिटायर झाले तरी डोळ्यांना ते कोणी कळवलं नाही. जिन्यात भेटलं की ते 'काय म्हणता' असं विचारत नाहीत. तुमच्या पिशवीकडे बघून विचारतात, "मागे काय लिहिलंय?"

त्यांच्या दाराशेजारी जुन्या मीटरपेटीच्या मागे भिंतीला एक भोक आहे. त्यात पोया राहतात. पोया म्हणजे चिलटापेक्षा जरा मोठ्या, काळ्या मधमाश्या. डंख नसतो, कुणाला त्रास नाही, भोकाच्या तोंडाशी मेणाची बारीक नळी काढतात आणि आपला संसार करतात. इमारतीला रंग काढला तेव्हा रंगारी ते भोक बुजवायला निघाला, तर काका भोकापुढे खुर्ची टाकून दोन दिवस बसले. जेवणसुद्धा तिथेच. त्यामुळे आज आमची सगळी गॅलरी पिवळी आहे आणि तिथे तेवढा हातभर जुना निळा रंग आहे. सोसायटीचा सेक्रेटरी मी असल्यामुळे येणारा प्रत्येक पाहुणा त्याबद्दल मला विचारतो. अकरा वर्षं मी सेक्रेटरी आहे. दुसरं कोणी होत नाही म्हणून.

यंदा श्रावणात काकांचं आणि इमारतीचं बिनसलं. आमच्या गॅलऱ्यांमध्ये प्रत्येकाच्या कुंड्या आहेत आणि गणपतीच्या तोंडावर प्रत्येकाला दारची जास्वंद पाहिजे असते. नेमका तेव्हाच जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला. कापूस चिकटवल्यासारखे पांढरे किडे, कळ्या उमलायच्या आधीच गळायला लागल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या कदमवहिनींनी दादरच्या एका नर्सरीतून दाणेदार औषध आणलं. चमचाभर मातीत टाकायचं, पाणी घालायचं, आठवड्यात किडा साफ. वहिनींच्या जास्वंदीला सात फुलं लागली आणि दुसऱ्या दिवशी सगळी इमारत त्या नर्सरीत.

काकांनी पाकीट मागून घेतलं आणि उलटं केलं. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे चार पानी अर्ज आला. विषय: 'घराभोवतीच्या झाडांस मुळावाटे भिनणाऱ्या कीटकनाशकांच्या वापरावर निर्बंध घालणेबाबत.' आत इमिडाक्लोप्रिड हे त्या औषधाचं नाव एकोणीस वेळा आणि प्रत्येक वेळी शुद्ध. ह्या माणसाला माझ्या बायकोचं नाव आजतागायत नीट आठवत नाही.

मी सभा लावली. काकांनी उभं राहून समजावलं, आणि खरं सांगायचं तर चांगलं समजावलं. "वरून मारलेलं औषध बरंचसं पानावर बसतं. हे बसत नाही, हे झाड पितं. मग ते पानात जातं, फुलात जातं, फुलातल्या मधात जातं. पोया तो मध घेते. लगेच मरत नाही बिचारी. घरचा रस्ता विसरते."

कदमांनी तंबाखू मळता मळता विचारलं की हे औषध तंबाखूच्या जातीतलं आहे असं अर्जात लिहिलंय, मग आपण तीस वर्षं तंबाखू खाऊन घरी कसे येतो. काका म्हणाले, "तू मधमाशी नाहीस, म्हणून." सभा हसली. मग कदमवहिनी उठल्या. किडे लागलेली फुलं बाप्पाला वाहायची का, एवढंच काकांनी सांगावं, असं त्या म्हणाल्या, आणि सभा काकांच्या हातून गेली. मी इतिवृत्तात 'पुढील सभेत विचार करण्यात यावा' असं लिहून मोकळा झालो. आमच्याकडे ह्याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

आता इथून पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. खाली चौकात सोसायटीची सामाईक तुळस आहे. तिच्यावरही मला पांढरे ठिपके दिसले. शनिवारी इमारतीचा सत्यनारायण, चार लोक येणार, माझी मुलगी-जावईसुद्धा. सेक्रेटरी म्हणून आपली जबाबदारी आहे, असं वाटून मी मंगळवारी सकाळी लवकर खाली उतरलो आणि तिच्या मातीत तेच औषध टाकलं. कदमवहिनी एक चमचा घालत. मी दोन घातले, पाकीटच संपवलं. सत्यनारायणाला ह्याच तुळशीची पानं लागतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त ठिपके होते.

शनिवारी बायकांनी परडी भरून पानं खुडली. गुरुजींनी हजार तुळशी वाहिल्या, पोथी वाचली, तीर्थात पानं घातली, आरती झाली. गुरुजींनी तीर्थाचं भांडं उचललं आणि काका मंडपात शिरले. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात रिकामं पाकीट. चार दिवस पोया कमी दिसत होत्या म्हणून ते मजल्यामजल्यावरच्या कुंड्या हुंगत फिरत होते, आणि शेवटी जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात त्यांना ते मिळालं. पाकिटाला ओली माती लागली होती, मातीत तुळशीची काडी.

"गुरुजी, तीर्थ देऊ नका," काका म्हणाले. आणि तिथेच उभं राहून त्यांनी मागची बाजू वाचायला घेतली. फुलोऱ्यात वापरू नये. खायच्या पानांस वापरू नये. मधमाश्यांस घातक. गुरुजींनी सवयीने हात जोडून सगळं ऐकलं.

कोणी टाकलं, अशी कुजबुज सुरू झाली. मी पुढे झालो आणि ह्या प्रकाराची कसून चौकशी केली जाईल, असं जाहीर केलं. काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं. "ते मागाहून," ते म्हणाले. "आधी दुसरी तुळस आणू."

दुसरी म्हणजे त्यांच्या दारातली. त्या कुंडीतलं पान आजवर कोणाला तोडू दिलेलं नव्हतं. काका वर गेले आणि पानं खुडून आणली, मंजिऱ्या तेवढ्या पोयांसाठी राखून. तीर्थ नव्याने केलं. प्रसादाचा शिरा हातात असतानाच कदमवहिनी म्हणाल्या की तो अर्ज आत्ताच मंजूर करा, माझी नातवंडं हे तीर्थ पिणार होती. मंजूर झाला. फुलणाऱ्या किंवा खायच्या झाडाला असलं औषध घालायचं नाही. किडा पडला तर साबणाचं पाणी नाहीतर निंबोळीचं तेल. आणि काकांनी मागची बाजू वाचल्याशिवाय कुठलंही पाकीट फोडायचं नाही. चौकातल्या तुळशीच्या मंजिऱ्या काकांनी सगळ्या कापून टाकल्या आणि पाटी लावली, 'नमस्कार करावा. पान तोडू नये.'

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काकांकडे गेलो. ते दाराशी स्टुलावर बसून त्या भोकाकडे बघत होते. मी उंबऱ्याबाहेर उभं राहून एका दमात सांगून टाकलं की ते औषध मी घातलं.

"ठाऊक आहे," काका म्हणाले. "पाकीट तुमच्या नोटिशीच्या कागदात गुंडाळलेलं होतं."

मग काल सगळ्यांसमोर सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"तुमची मुलगी-जावई आलेली होती," ते म्हणाले, आणि पुन्हा भोकाकडे बघायला लागले. उन्हं उतरत होती. एक पोया आली, नळीशी घुटमळली, आत गेली. मग बऱ्याच वेळाने दुसरी. "आज तीसेक आल्या घरी. परवा दहासुद्धा नव्हत्या."

एवढ्याशा माश्यांसाठी तुम्ही जिवाचा किती आटापिटा करता, असं मी बोलून गेलो. काका गावच्या बोलीत बोलले, जी ते आमच्याशी कधी बोलत नाहीत.

"तुमची काकू गेली, मगे ह्या घरात येवचा-जावचा कोण रवला नाय. ह्यो सकाळी भायर पडतत, सांजेक घराक येतत. तेवढाच घर चालू असल्यासारखा वाटता."

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली. ह्या तीन वर्षांत मी त्या दारात शंभर वेळा आलो असेन, नोटीस द्यायला, सही घ्यायला, आणि प्रत्येक वेळी सही घेऊन वळलो. आमची भिंत एक आहे. मला फार वाईट वाटलं.

मी चप्पल काढली, आत जाऊन खाटेवर बसलो आणि म्हटलं, "काका, चहा टाका. मला घाई नाही."