ओल्शिनेकच्या बँकेस रांग लाभली त्याची हकीकत

काळपुरुषास मुजरा करून पोलंड देशीच्या ओल्शिनेक कसब्याचा वृत्तांत लिहितो. सन एकोणीसशे ब्याण्णव, मार्च मास. पदरचे काही पडले असल्यास हसण्याच्या भरात पडले, तकसीर माफ असावी.

साम्यवादी नियोजनाची पातशाही बुडाली, आणि सरकारी पेढीचे ठाणे उठले, आणि कसब्यात खासगी बँकेने नवा गड बांधिला. दरवाजा काचेचा, आपैसा उघडे. किल्लेदार लुबोमिर विल्चेक, शाखाधिकारी, टाय नवा. मग वॉर्साहून फर्मान आले की, शनिवारी दोन प्रहरी बाराच्या टोलापर्यंत पन्नास खाती न उघडल्यास गड मोडावा आणि किल्लेदाराने रादोम शहरी सासूबाईंच्या ताबेदारीत रुजू व्हावे. किल्लेदार बहुत हवालदिल जाहले, कारण पाच दिवसांत आत वाऱ्याखेरीज कोणी शिरले नव्हते.

शनिवारी सकाळी गेनोवेफाबाई चिमा ऊब घ्यावयास आत आल्या. टंचाईच्या अमलात मालासाठी दिवसदिवस रांगा लागत, आणि बाई छत्तीस वर्षे त्यांची यादी राखणाऱ्या कसब्याच्या रांग-कमिटीच्या सरनोबत. फ्रिजच्या रांगेची यादी अकरा दिवस राखिली आणि एक नाव पुढेमागे होऊ दिले नाही. रांगा सरल्यापासून वही पेटीत आणि बाई उदास.

"अहो साहेब, दार सताड उघडं, खुर्च्या रिकाम्या. रांग नाही म्हणजे आत काही नाही, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं!"

"मग करू काय, बाई?"

"दार लावा. एकेकालाच आत घ्या. आणि जरा कुरकुरत घ्या."

मग दरवाजा बंद जाहला, आणि पहारेकरी व एक कारकून ओव्हरकोट चढवून बाहेर उभे राहिले, आणि बाईंनी वही उघडली. कोबी घेऊन चाललेली एक बाई थबकली.

"काय आलंय हो?"

"माहीत नाही. पण संपत आलंय म्हणे."

पहारेकऱ्याकडून इतके ऐकताच ती कोबीसह फौजेत दाखल जाहली, आणि मग न्हावी आला, आणि न्हाव्यामागे अर्धी दाढी केलेले गिऱ्हाईक आले, आणि घटकेत रांग चर्चच्या पायऱ्यांस भिडली. कोबीवाल्या बाईने सही केली आणि आतल्या कारकुनास म्हणाली, "एवढंच? बरं, बहिणीसाठी अजून एक द्या."

दोन प्रहरास पाच मिनिटे उरली तो खाती एकोणपन्नास, आणि रांग सरली. किल्लेदारांनी हात जोडले.

"बाई, आता तुम्हीच!"

"मी? रांगेशिवाय? लोक म्हणतील, यादीवालीच मागच्या दारानं शिरली!"

मग किल्लेदार खासे बाहेर आले आणि आपल्याच गडाच्या बंद दरवाजासमोर टाय सावरून उभे राहिले. बाई त्यांच्यामागे उभ्या राहिल्या आणि वहीत दोन नावे लिहिली, विल्चेक आणि चिमा.

"काय आलंय हो, साहेब?"

"माहीत नाही, बाई. शेवटचं एकच उरलंय म्हणतात."

"मग सरका की पुढं!"

चर्चचा बाराचा टोल पडत असता किल्लेदारांची पन्नासावी सही जाहली, आणि मागोमाग बाईंची. गड राहिला, रादोम टळले, मोहीम फत्ते जाहली. लेखनकर्ता खासा त्या रांगेत एकतिसावा होता, बाईंच्या वहीत नोंद आहे. आत काय मिळाले हे अद्याप उमगले नाही, परंतु मिळाले.