हरलेल्यांची भांडी

माझे सासरे रामटेकहून जेवायला आले होते. वरण वाढताना त्यांची नजर पातेल्यावर कोरलेल्या अक्षरांवर गेली. कपाळावरचा चष्मा खाली ओढून त्यांनी मोठ्याने वाचलं, "लांबू. लाल माती. जिंकायचे तीन पॉइंट हातात होते. हरला, पण पळाला नाही."

हातातला घास ताटात ठेवून ते मला हळूच म्हणाले, "कोण गेलं, जावईबापू?"

सासऱ्यांचा काय दोष? स्टीलच्या भांड्यावर आपण नाव घालतो ते एक तर लग्नाच्या आहेरात, नाही तर कोणाच्या तरी स्मरणार्थ. आता लग्नाच्या आहेरावर कोणी 'हरला' असं लिहीत नाही. मी त्यांना सांगितलं की पातेलं शेजारच्या हेडाऊ काकूंकडून मागून आणलेलं आहे, आणि लांबू हा टेनिस खेळतो. तो जिवंत आहे, ठणठणीत आहे, आणि आपल्या नावाचं एक पातेलं नागपूरला मानेवाड्यात आहे याची त्याला कल्पना नाही. सासऱ्यांनी जेवण पुरं केलं, पण वरण पुन्हा मागितलं नाही.

हेडाऊ काकू आमच्या भिंतीला भिंत लागून राहतात. मूळच्या उमरेडच्या, विणकरांच्या घरातल्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली. घरात त्या एकट्या, टीव्ही, आणि भांड्यांनी भरलेली एक मोठी मांडणी. जानेवारीत टेनिसचा सीझन सुरू झाला की काकूंच्या घराचं वेळापत्रक बदलतं. सकाळी ऑस्ट्रेलियात मॅच असली की भाजी उशिरा चढते. उन्हाळ्यात लाल मातीवरचा खेळ सुरू झाला की त्या चक्क कूलर बंद करतात. का, तर आवाजात अंपायरचं बोलणं ऐकू येत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद करणारी दुसरी व्यक्ती मी पाहिलेली नाही.

खेळाडूंची खरी नावं त्यांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून त्यांनी आपल्या सोयीने बारसं केलं आहे. एक लांबू, एक घामट, एक चिडकी, एक 'आपली वेणीवाली'. बक्षीस समारंभ मात्र त्या अर्धाच पाहतात. हरलेला बोलून झाला आणि जिंकणारा कपाकडे निघाला की टीव्ही बंद.

"काकू, अहो आता तर खरा कार्यक्रम आहे."

"मले नाही पाह्यचा. त्याचं कौतुक करणारे लय हायेत."

"पण हरलेल्याचं काय पाहायचं?"

यावर काकूंचं ठरलेलं उत्तर असतं, आणि ते त्या कमरेवर हात ठेवूनच देतात. "काहून? हरला म्हणजे काय चोरी केली का त्यानं?"

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून दूधवाल्यासमोर, निवडणुकीत पडलेल्या नगरसेवकासमोर आणि बारावीत नापास झालेल्या माझ्या पुतण्यासमोर ऐकलेलं आहे. पुतण्याला तर त्यांनी वर बेसनाचा लाडूही दिला. त्याच्या बापाला काय वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मोठ्या स्पर्धेत आपलं कोणी हरलं की दुसऱ्या दिवशी काकू मांडणीवरचं एक कोरं भांडं उचलतात आणि माझ्या स्कूटरवर मागे बसतात. इतवारीत एका भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर रफिकचाचा नाव घालायचं मशीन घेऊन बसतात. आयुष्यभर त्यांनी 'सप्रेम भेट' कोरलं. पहिल्यांदा काकूंनी मजकूर सांगितला तेव्हा त्यांनी मशीन बंद केलं.

"अम्मा, हारनेवाले का नाम कौन डालता है?"

"मी डालते. चालव मशीन."

आता चाचाच आम्हाला लांबून पाहून विचारतात, "कौन हारा?"

यंदाचा सीझन काकूंना भांड्यांच्या बाबतीत फार महागात गेला. लाल मातीवर लांबू हरला, ते पातेलं तुम्ही पाहिलंच. पुढच्याच महिन्यात हा पठ्ठ्या गवतावरची मोठी स्पर्धा जिंकला. मी पेढे घेऊन काकूंकडे गेलो. म्हटलं, आता पातेल्यावरचं ते पुसून टाका.

"जिंकला तं जिंकला बिचारा. हे भांडं त्याच्या हरल्याचं हाय, ते राहीन," काकू म्हणाल्या आणि पेढा मात्र खाल्ला.

पुढे शरद ऋतूत एका स्पर्धेत कोणी नावही न ऐकलेला खेळाडू फायनलला पोचला, आणि समोर कोण, तर त्याचा सख्खा मावसभाऊ. सगळं जग जिंकणाऱ्याच्या कौतुकात बुडालं असताना काकूंना त्या दोघांच्या आजीची काळजी लागली होती. हरलेल्या भावासाठी त्यांनी मुद्दाम झाकणाचा डबा काढला.

पण खरं भांडं कोपर. कोपर म्हणजे कणीक मळायची आमच्याकडची मोठी थाळी. गवतावरच्या बायकांच्या फायनलमध्ये एका मुलीला एकही गेम मिळाला नाही. दोन्ही सेट सहा-शून्य. मी काकूंसोबतच पाहत होतो आणि मला स्वतःलाच लाज वाटायला लागली, म्हणून मी मोबाइल काढला. काकूंनी तो माझ्या हातातून घेऊन सोफ्यावर टाकला. मॅच संपली. ती मुलगी माइकसमोर उभी राहिली, रडायला लागली, आणि रडता रडता आपल्या आईचे आभार मानू लागली. काकूंना त्यातलं इंग्रजी किती कळलं कोण जाणे. त्या टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या आणि पदराने स्क्रीनवरची धूळ पुसल्यासारखं करून म्हणाल्या, "पाह्य गा प्रमोद, उभी हाय. पळाली नाही. साऱ्या दुनियेसमोर बोलून राहिली."

आता मला रश्मीबद्दल सांगायलाच हवं.

रश्मी ही काकूंची एकुलती एक मुलगी. मांडणीवरची ती सगळी भांडी तिच्या लग्नासाठी घेतलेली. पत्रिका वाटून झाल्या आणि मुलाकडच्यांनी लग्न मोडलं. कारण सांगितलं नाही, त्यामुळे कारणं नातेवाइकांनी पुरवली. रश्मी घराबाहेर पडेना, कोणाशी बोलेना. दिवसभर टीव्हीवर टेनिस लावून बसायची. काकू तिच्या शेजारी वाटाणे सोलत बसत. खेळातलं त्यांना काही कळत नव्हतं. किती तरी दिवसांनी एकदा त्यांनी विचारलं, "हे पोट्टे इतकं काहून ताणून राहिले?" आणि रश्मीने त्यांना टायब्रेक समजावून सांगितला. तेवढ्या दिवसांतलं तिचं पहिलं लांब बोलणं ते. पुढे ती नोकरीला बंगळुरूला गेली, ती पुन्हा नागपूरला आली नाही. प्रत्येक मॅचनंतर मायलेकींचा फोन होतो. "घरी ये" हे त्यात काकू कधी म्हणत नाहीत. त्याऐवजी त्या भांडं कोरून आणतात, आणि मला फोटो काढून रश्मीला पाठवायला लावतात.

दिवाळीनंतर कामठीहून काकूंची नणंद, कमलताई, ऑटो घेऊन आल्या. त्यांच्या मुलीचं लग्न डिसेंबरात ठरलं होतं. चहा घेता घेता त्या मांडणीकडे पाहून म्हणाल्या, "वहिनी, हे भांडे नुसते पडूनच हायेत. आमच्या पोरीच्या रुखवतात कामी येतीन. रश्मीले आता कायले लागते?"

मी उठून जावं की बसावं या विचारात होतो. काकूंनी कप खाली ठेवला.

"हाओ, ने ना. फक्त वाचून नेजो."

कमलताईंनी एक ताट उचललं. 'चिडकी. पहिल्याच फेरीत हरली.' त्यांनी ताट खाली ठेवून पाण्याचा गडवा घेतला. 'घामट. पाय मुरगळला. अर्ध्यातून गेला.' कमलताईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. नवरीच्या रुखवतात असली अक्षरं कोण मांडणार? काकू एकेक भांडं पुढे सरकवत होत्या. "हे ने वं. हे पाह्य, हे लय चांगलं हाय, सहा-शून्य." मला तेव्हा कुठे उमगलं की मांडणीवरचं एकेक भांडं काकूंनी या दिवसासाठीच राखलं होतं.

शेवटी कमलताईंची नजर वरच्या फळीवरच्या मोठ्या गुंडावर गेली. पाणी भरायचा तो गुंड अगदी कोरा होता.

"हा तं कोरा हाय."

"तो बुक हाय," काकू म्हणाल्या.

कमलताई पत्रिका ठेवून रिकाम्या ऑटोने गेल्या. जाताना दारात म्हणाल्याच, "रश्मीले बोलवा लग्नाले. येते का पण? तोंड लपवून किती दिवस राहीन?"

ऑटोचा आवाज गल्लीच्या वळणापर्यंत गेला आणि काकूंनी गुंड खाली काढला. "स्कूटर काढ," म्हणाल्या.

इतवारीत चाचांनी लांबूनच विचारलं, "कौन हारा, अम्मा? सीझन तो खतम हो गया ना?"

"लिही," काकू म्हणाल्या. "रश्मी सुधाकर हेडाऊ."

चाचांनी नाव कोरलं. सुबक, गोल अक्षरांत. मग सवयीने मशीन थांबवून वर पाहिलं. "नीचे क्या? स्कोर?"

काकूंनी कोरलेल्या नावावरून बोट फिरवलं. दुकानात कोणी तरी ताटं मोजत होतं, त्याचा खणखणाट चालू होता. मी दुसरीकडे पाहायला लागलो, कारण काकूंच्या डोळ्यांकडे पाहणं मला जमत नव्हतं.

"लिही," त्या म्हणाल्या. "म्याच चालू हाय."

चाचांनी काही न विचारता तसंच कोरलं, आणि या वेळी पैसे घेतले नाहीत. मी फोटो काढून रश्मीला पाठवला. सोबत काकूंनी पिशवीत आणलेल्या कमलताईंच्या पत्रिकेचाही. काकू गुंड मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या. मला निघायची घाई होती, पण त्या उठायला तयार नव्हत्या. बऱ्याच वेळाने फोन वाजला. रश्मीचा मेसेज होता: "दादा, आईला विचार, सर्व्हिस कोणाची आहे?"

मी वाचून दाखवलं. काकूंनी पदराने गुंडावरची कोरल्याची भुकटी पुसली.

"तिचीच हाय म्हण. कवाची तिचीच हाय. मी इकडे उभीच हाय."

मी तेवढंच टाइप केलं. नागपूरच्या तिकिटाचा फोटो आम्ही मानेवाड्याला पोचायच्या आत आला.