पुकारे नानांचा बेत

रोज सकाळी तोंड धुऊन झालं की नाना उपरणं खांद्यावर टाकून ओट्यावर येत, घसा साफ करत आणि आपल्या घरी त्या दिवशी काय शिजणार आहे ते सबंध गल्लीला ओरडून सांगत.

“सकाळी गिलक्याची भाजी, ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी! संध्याकाळी खिचडी आणि कढी! ठरलं!”

मग ते आत जात, पिशवी घेत आणि भाजीबाजाराच्या दिशेनं निघत.

मी लग्न होऊन धुळ्याहून जळगावला आले तेव्हा पहिल्याच सकाळी हा आवाज ऐकून माझ्या हातातला तांब्या पडला. मला वाटलं, कुठे आग लागली. सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. “विठ्ठल आहे तो शेजारचा,” त्या म्हणाल्या, “त्याच्याकडे गिलकी आहेत आज.”

नाना कोर्टात पुकारा करायच्या नोकरीत होते. पक्षकारांची नावं दारात उभं राहून ओरडायची, म्हणजे बाहेर झाडाखाली बसलेला माणूस आत येतो. त्यांचा आवाज असा होता की ज्याचा खटला नाही तोही उठून आत जायचा, असं लोक सांगत. गल्लीत त्यांना सगळे पुकारे नाना म्हणायचे. खरं आडनाव फार थोड्यांना ठाऊक होतं आणि त्या थोड्यांनाही ते आठवावं लागे.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या आधीची ही गोष्ट. रेशनचं नाव अजून कुणी ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे काय खायचं ते ज्याचं तो ठरवत असे. आमच्या गल्लीत त्याच्या कितीतरी तऱ्हा होत्या. कोपऱ्यावरच्या आडत्यांच्या घरी वर्षाचं धान्य, डाळी, तेल, मिरच्या उन्हाळ्यातच भरून ठेवत. त्यांच्या घरी बाजार म्हणजे फक्त कोथिंबीर. समोरचे रहीमचाचा कल्हई लावायचे. दिवसभरात जशी भांडी मिळतील तशी संध्याकाळी रुमालात बांधून भाजी यायची, आणि चाची गाठ सोडून बघेपर्यंत रात्रीचा बेत कुणालाच माहीत नसायचा. चाची म्हणायच्या, “गाठ सोडायला मजा येते.”

आमच्या घरची तऱ्हा निराळी होती. आमच्याकडे स्वयंपाक होईपर्यंत कुणीच काही ठरवत नसे. तो झाल्यावर मात्र काय करायला हवं होतं ते सगळ्यांना कळे.

या सगळ्यांत नानांची पद्धत उलटी. इतर लोक बाजारात जाऊन काय चांगलं आहे ते बघत आणि मग ठरवत. नाना आधी ठरवत, गल्लीला सांगत, आणि मग बाजाराला ते मान्य करायला लावत. बाजार नेहमी मान्य करत नसे. एकदा त्यांनी भरीत पुकारलं आणि मंडईत एकही वांगं नव्हतं. रविवार होता. नाना पायी पिंप्राळ्याला गेले, एका मळेवाल्याला झोपेतून उठवलं आणि हिरवी वांगी घेऊन उन्हातून परत आले. जेवायला बसले तेव्हा गल्लीत लोकांचा चहा चालला होता.

“अहो, दुसरं काही केलं असतं,” माझे यजमान त्यांना म्हणाले.

“पुकारा झाला होता,” नाना म्हणाले. “नाव घेतल्यावर माणूस बदलता येतो का?”

भाजीवाल्या बायकांना हे चांगलं माहीत झालं होतं. पिंप्राळ्याच्या एका म्हातारीची पाटी रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबायची, ती पुकारा ऐकण्यासाठीच. नाना भाव करू लागले की ती पदरानं वारा घेत म्हणायची, “नाना, मेथी ठरी गयी ना तुमनी? बठ्ठी गल्लीले ठाऊक शे. मंग ल्या आते!” नाना घेत. गल्लीत सगळ्यांत महाग मेथी त्यांच्याच घरी शिजायची.

त्यांची मुलगी जामनेरला दिली होती. जावई एकदा न कळवता आले, आणि त्या दिवशी दुधी पुकारला होता. गोदाकाकू, म्हणजे नानांची बायको, हळूच म्हणाल्या, “जावई आलेत, काहीतरी गोड करू का?” नाना म्हणाले, “जावई आले म्हणून दुधी मागे घेता येत नाही.” जावयांनी दुधी खाल्ला. त्यानंतर ते सासुरवाडीला आले की आधी कोपऱ्यावरच्या आडत्यांच्या ओट्यावर बसत, पुकारा ऐकत, आणि मग घरी जायचं की परस्पर स्टेशनवर, ते बघत.

हे सगळं मी हसत हसत सांगतेय, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. मला रोजचा एकच प्रश्न होता: आज काय करू?

सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणायच्या, “तुला सुचेल ते कर.” यजमान म्हणायचे, “काहीही चालेल.” दोघंही अगदी मनापासून म्हणायचे. मग मी पिठलं केलं की ताटावर बसताना सासूबाई म्हणत, “पिठलं? का गं, घरात माणसं आजारी आहेत का?” दुसऱ्या दिवशी वांगी केली की, “या दिवसांत वांगी वातूळ असतात, तुझ्या आईनं सांगितलं नाही?” तिसऱ्या दिवशी काही सुचायचंच नाही. मी चुलीपुढे बसून रडायचे आणि धुराचं निमित्त सांगायचे. आमच्या आणि नानांच्या स्वयंपाकघरात एकच भिंत होती, तीही मातीची.

एके दिवशी सकाळी नानांनी नेहमीसारखा पुकारा केला. मेथी, भाकरी, संध्याकाळी वरणभात. मग ते थांबले. आत गेले नाहीत. आमच्या दाराकडे वळले, पुन्हा घसा साफ केला आणि ओरडले:

“आणि अक्कांच्या घरी! सकाळी मुगाची आमटी, भाकरी, तिळाची चटणी! संध्याकाळी कच्च्या मेथीचा घोळाणा आणि भात! ठरलं!”

सासूबाई ताडकन उठून दारात गेल्या. मी त्यांच्या मागे उभी राहिले. लाजेनं मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

“विठ्ठल, डोकं फिरलं का तुझं? आमच्या घरात काय शिजायचं ते तू कोण ठरवणार?”

“अक्का, मी बाजारात जातोच आहे. दोन्ही घरांची भाजी एका पिशवीत येईल.”

“पिशवीचं नाही विचारत मी! तुला कुणी सांगितलं ठरवायला?”

“बरं,” नाना शांतपणे म्हणाले. “मग तुम्ही ठरवा. रोज सकाळी मला सांगा, मी पुकारतो. तुमचं नाव घेऊन पुकारतो.”

समोर रहीमचाचा भाता लावता लावता थांबले होते. आडत्यांच्या खिडकीत डोकी जमली होती. सासूबाईंनी एकदा गल्लीभर नजर फिरवली आणि त्या म्हणाल्या, “मला कामं आहेत.” आणि आत निघून आल्या.

त्या दिवसापासून नाना दोन घरांचा बेत पुकारू लागले.

मला त्यांचा राग आला. आधीच घरात मला कुणी विचारत नव्हतं. आता शेजारचा माणूस माझ्या चुलीत डोकावू लागला, असं वाटलं. पण दुपारी जेवताना एक चमत्कार घडला. सासूबाईंनी आमटीचा घास घेतला आणि म्हणाल्या, “या विठ्ठलला काही अक्कल आहे का? एवढ्या थंडीत मूग कोण करतं?”

मी भाकरी मोडून खात राहिले. मला कुणी काही म्हणालं नव्हतं. सासरी आल्यापासून पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

पुढे हे रोजचंच झालं. सासूबाई संध्याकाळी ओट्यावर उभ्या राहून नाना कोर्टातून येण्याची वाट बघायच्या आणि ते दिसले की सुरू व्हायच्या. डाळ पचायला जड होती. गंगाफळाची भाजी पांचट होती. सलग दोन दिवस शेंगा कोण खातं? नाना टोपी काढून, मान खाली घालून ऐकून घेत. शेवटी म्हणत, “चुकलं, अक्का.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काहीतरी चुकीचं पुकारत. सासूबाईंचा चेहरा त्या दिवसांत बराच टवटवीत दिसू लागला होता. असं समोर उभं राहून ऐकून घेणारं माणूस त्यांना आजवर मिळालं नव्हतं.

उन्हाळ्यात आम्ही बायका माळवदावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होतो, तेव्हा गोदाकाकूंनी मला यामागचं खरं कारण सांगितलं. बोलता बोलता मी जरा तिरकसपणे विचारलं होतं, “काकू, नानांना सगळ्या जगाचा स्वयंपाक ठरवायची हौस कधीपासून?”

“हौस?” काकूंनी ओला बिबडा बोटानं सारखा केला. “त्यांना मेथी आवडत नाही, ठाऊक आहे तुला? दुधी तर घशाखाली उतरत नाही.”

“मग?”

“माझ्या सासूबाई तुझ्या सासूबाईंच्या मैत्रीण. दोघी एका स्वभावाच्या. मी काहीही केलं तरी चुकायचंच. हा माणूस तेव्हा घरात ब्र काढायचा नाही, आईसमोर तर मुळीच नाही. एक दिवस मी उलथनं फेकलं आणि म्हटलं, मी माहेरी जाते, तुम्ही जेवा काय जेवायचं ते. दुसऱ्या दिवशी सकाळी हे ओट्यावर जाऊन ओरडले. आईकडे बघायची छाती नव्हती त्यांची. आवाज मात्र कोर्टातला. सासूबाईंनी विचारलं, हे कुणी ठरवलं? म्हणाले, मी. गल्लीनं ऐकलंय. आता जे बोलायचं ते मला बोल.”

मी पुढचा बिबडा घातला, तो वाकडा झाला.

“सासूबाई गेल्या त्याला किती वर्षं झाली,” काकू म्हणाल्या. “मी म्हटलं, आता कशाला ओरडता? म्हणाले, सवय झाली. तू आलीस त्या हिवाळ्यात मात्र भिंतीला कान लावून बसायचे. दोन दिवस नीट जेवले नाहीत. मग तुमच्या घराचं सुरू केलं.”

त्यानंतर मी नानांशी फार काही वेगळं वागले नाही. काय वागणार? ते कोर्टातून येताना दिसले की मी पदर सारखा करून उभी राहायचे, एवढंच. त्यांच्या ते लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

पावसाळा संपता संपता जामनेरहून निरोप आला. मुलीचे दिवस भरत आले होते. गोदाकाकू बाळंतपणाला निघून गेल्या. नाना त्यांना गाडीत बसवून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली शांत होती. पिंप्राळ्याची म्हातारी पाटी घेऊन गल्लीच्या तोंडाशी बसून राहिली आणि कंटाळून पुढे गेली. सासूबाई दोनदा दारात जाऊन आल्या. “घसा बसला वाटतं,” त्या म्हणाल्या. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. “मेल्याला आपल्या घराचं तरी पुकारायला काय झालं?” त्या चिडून म्हणाल्या. “जा, बघून ये.”

मी गेले. दार उघडंच होतं. नाना माजघरात बसले होते. पुढ्यात पुडीत मुरमुरे आणि गुळाचा खडा होता. रिकामी पिशवी खुंटीला होती. चूल सारवलेली होती, तशीच थंड.

“नाना, जेवला नाहीत?”

“बाजारात जाऊन आलो,” ते म्हणाले. “फिरलो सगळीकडे. काय घ्यावं ते सुचेना, ना आमच्यासाठी ना तुमच्यासाठी.”

“तुम्हाला?”

“गोदा असली की सुचतं. तिला बोल लागू नये एवढंच बघत आलो आजवर. आता घरात तीही नाही, बोलणारंही कुणी नाही आणि…” त्यांनी मुरमुऱ्यांतून हात फिरवला. “एकट्या माणसासाठी काय ठरवायचं गं?”

“तुम्हाला आवडतं काय, नाना?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बराच वेळ आठवत राहिले. कपाळाला आठ्या पडल्या. शेवटी खजील होऊन म्हणाले, “सांगता येत नाही बघ.”

मी घरी येऊन सासूबाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या उठल्या. कोनाड्याशी गेल्या, बेसनाचा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

“डुबुकवडे कर,” त्या म्हणाल्या. “रस्सा चांगला झणझणीत होऊ दे. त्यातच गोळे सोड बेसनाचे. त्याची आई करायची. मी नवी नवरी होते तेव्हा तो एवढासा होता, भांड्यापाशी बसून असायचा, उकळायच्या आधी मागायचा.”

मी बघतच राहिले. त्या घरात काय करायचं ते सासूबाईंनी सांगितलं, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

“बघतेस काय? बिघडलं तर मी सांगितलं म्हणून सांग.”

नानांना बोलवायला त्या स्वतः गेल्या. पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला. मी वाढलं. नानांनी रश्शात भाकरी कुस्करली, पहिला घास घेतला आणि चावायचे थांबले. मला वाटलं, मीठ विसरले. सासूबाईंनी डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं. मग ते जेवू लागले. खाली मान घालून, लहान मूल जेवतं तसे. मी दोनदा वाढलं, दोन्ही वेळा नको म्हणाले नाहीत.

जेवण झालं. खरकटा हात वाळून गेला तरी नाना पाटावरून उठले नाहीत. सासूबाईंना ताटावर रेंगाळलेलं माणूस खपत नसे. त्या दिवशी मात्र त्यांनी भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले आणि त्याही तशाच बसून राहिल्या.